पाठमोरं बसून ऐकलेलं पत्र

जबलपूरहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय मास्तर, संगमरवरी खडक पाहिले का?" पाहिले. धुवांधार धबधबाही पाहिला आणि त्याला उजव्या पायाची चप्पल वाहून आलो. पण मी गेलो होतो ते पाहायला नव्हे, ऐकायला. हे सांगितलं की लोक माझ्या कानांकडे बघतात, म्हणून सगळं पहिल्यापासूनच सांगतो.

दोन वर्षं मी घरच्या घरी पुस्तकावरून रशियन शिकत होतो. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला काहीतरी लागतं. कुणी तपकीर ओढतो, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो. मी रशियन धरली. शब्दकोश मांडीवर घेऊन दिवसाकाठी चार पानं वाचू लागलो, आणि नागपुरात ती भाषा जाणणारा दुसरा कुणी माझ्या माहितीत नसल्यामुळे माझा मोठा दबदबा झाला. मागच्या थंडीत आमच्या वाचनमंडळात एक खरा रशियन जाणणारा पाहुणा आला. चिटणिसांनी मला पुढे ढकललं. पाहुण्याने हसून एक लांबलचक वाक्य टाकलं. त्यात एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते काही मला सापडेना. मी म्हणालो, "स्पासिबा." म्हणजे आभारी आहे. त्याने काहीतरी विचारलं. मी पुन्हा आभार मानले. तिसऱ्यांदा आभार मानल्यावर तो चिटणिसांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "तुमचे मित्र फार सभ्य आहेत."

तेव्हापासून घरात हिने काही काम सांगितलं आणि मला ऐकू आलं नाही, की दोन्ही मुली एका सुरात म्हणतात, "स्पासिबा!"

अशात माझे आतेभाऊ भाऊराव यांचं जबलपूरहून पत्र आलं. त्यांच्या गावात एक म्हातारी रशियन बाई आहे, कुणा इंग्रज इंजिनियरची विधवा, आणि ती भाषा शिकवते म्हणे. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मी वळकटी बांधली.

गोंदियाच्या पुढे

गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो की तिथून सातपुडा हळूहळू अंगावर येतो. मे महिन्यातलं जंगल पानं गाळून उभं होतं. एका लहान स्टेशनावर गाडी बराच वेळ थांबली. चढलं कुणी नाही, उतरलं कुणी नाही. सुकलेल्या मोहफुलांची टोपली घेऊन माझ्यासमोर बसलेली बाई डोळे मिटून म्हणाली, "सुनो, कैसा चुप है." मी खिडकीबाहेर डोकं काढून पाहिलं. ती ऐक म्हणाली होती आणि मी बघत होतो. माझा रोग तिथेच ध्यानात यायला हवा होता.

गढ्याची वहिनी

भाऊरावांचे पूर्वज भोसल्यांच्या अमदानीत इकडे कारकुनीला आले ते इकडचेच झाले. जबलपूरच्या गढा भागात, मदनमहालच्या टेकडीखालच्या गल्लीत त्यांचं घर आहे. दाराबाहेर चौफेर हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी, तीही आमच्याहून वऱ्हाडी. पोचलो तेव्हा वहिनींनी खोव्याची जलेबी पुढे ठेवली. काळपट, जाड, आणि एक खाल्ली तर जेवण चुकेल अशी. मी तीन खाल्ल्या.

"भाऊजी, तुम्ही काहून त्या मेमकडे जाऊन राहिले?" वहिनी पंख्याने वारा घालत म्हणाल्या.

"शिकायला."

"बाप्पा! शिकायला दुसरं घर नाही भेटलं? तिची ती कामवाली सुखिया आपल्या शेजारीच राहते. तिले विचारलं तर तोंड नाही उघडत, पण एक डाव बोलून गेली. घरात बाई एकटी, अन् टेबलावर कप लावते तीन. एक तिचा, एक आल्यागेल्याचा. तिसरा कोनाचा?"

"असेल काही रीत," भाऊराव पेपराआडून म्हणाले.

"अन् संध्याकाळ झाली तरी दिवा नाही लावत."

"तेल वाचवत असेल. लढाई चालू आहे."

"अच्छा! तेल वाचवणारी बाई चहा काहून वाया घालवते?"

भाऊरावांनी पेपराचं पान उलटलं.

पहिला धडा

मंगळवारी दुपारी टांग्याने सिव्हिल लाइन्समध्ये गेलो. बंगला बसका, कौलारू, सगळ्या दारांना वाळ्याचे ताटे, म्हणजे पडदे, लावलेले. सुखिया त्यांवर पाणी मारत होती. माझ्याकडे न बघताच तिने एक ताटा बाजूला सारला. उन्हातून आत गेलो तर पुढे नुसता ओला, सुगंधी काळोख.

त्या काळोखातून इंग्रजीत आवाज आला, "उजवी टाच जोरात टाकता. बसा. खुर्ची तीन पावलांवर आहे."

खरोखरच तीन पावलांवर होती. पण तिचं तोंड भिंतीकडे होतं.

"फिरवू नका. पुस्तकावरून शिकलेला माणूस डोळ्यांनी ऐकतो. तो माझे ओठ बघणार, हात बघणार आणि अर्थ लावणार. इथे फक्त कान चालतील." मागून एक हात आला आणि डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा रुमाल माझ्या डोळ्यांवर बांधला गेला. "आता माझ्या बहिणीचं पत्र वाचते. रोज तेच. लिहून घ्यायचं नाही, मनात भाषांतर करायचं नाही. शब्द कानात पडला तर पडू द्या. आणि वळायचं नाही. वळलात की शिकवणी संपली."

पाठीमागे घडी उलगडल्याचा आवाज झाला. मग तो स्वर सुरू झाला. खाली, संथ, पाट वाहतो तसा. मी एकही शब्द पकडू शकलो नाही. पण मानेवरचे केस मात्र उभे राहिले. कुणीतरी माझ्या पाठीशी बोलतंय आणि ते माझ्यासाठी नाही, असं सारखं वाटत होतं.

नंतर चहा. रुमाल सुटल्यावर अंधारात सवयीने बाई दिसल्या. उंच, ताठ, पांढरे केस चापून बांधलेले. त्या टेबलाच्या अगदी आतल्या टोकाला बसल्या. कप तीन होते. त्यांच्याकडे चहाबरोबर मुरंबा चमच्याने खातात. तिसऱ्या कपाच्या बशीतही त्यांनी चमचाभर मुरंबा वाढला. आपल्याकडे श्राद्धाचं वेगळं पान वाढतात ते मला आठवलं आणि मी कप खाली ठेवला.

"वडिलांचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"गोविंद."

"मग तुम्ही वसंत गोविंदोविच. आमच्यात बापाचं नाव जोडल्याशिवाय हाक मारणं उद्धटपणाचं."

आमच्यातही नाव लिहिताना बापाचं नाव मध्ये येतं, हे मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांना बरं वाटलं असावं. त्या होत्या वेरा पेत्रोव्ना. मी मनातल्या मनात वेराबाई करून टाकलं. एक मात्र खटकलं. बोलताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर पाहत होत्या, तिथे कुणी उभं असावं तसं. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

सफरचंदं

दुसऱ्या दिवशी त्या पाटाच्या पाण्याला लाटा आल्या, म्हणजे वाक्यं कुठे संपतात ते कळू लागलं. तिसऱ्या दिवशी मध्येच "याब्लोकी" हा शब्द टपकन कानात पडला. सफरचंदं! मला इतका आनंद झाला की पुढची पाच वाक्यं हुकली. पण तो धागा हाती आला आणि बाकीचं त्याला लागून येऊ लागलं.

मी सरावच सुरू केला. टांग्यात डोळे मिटून रस्त्यावरची भांडणं ऐकू लागलो, टांगेवाला म्हणाला, "बाबूजी, तबियत तो ठीक है?" घरी डोळे मिटून वहिनींचं बोलणं ऐकत होतो तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी बोलून राहिली अन् तुम्ही झोपून राहिले? आमचं बोलणं इतकं रटाळ आहे का?" भाऊराव म्हणाले, त्यांना ही युक्ती वीस वर्षांपूर्वीच कुणी सांगायला हवी होती.

शनिवारी, पाचव्या धड्याला, पत्र जवळजवळ सगळं कळलं. साधं घरगुती पत्र. इकडे सगळं क्षेम आहे. यंदा सफरचंदं भरपूर. अल्योशाने कुंपण दुरुस्त केलं, त्याचा खोकला कमी आहे. म्हातारा कुत्रा थंडीत गेला, त्याला झाडाखाली पुरलं. तुमच्याकडे बर्फ पडतं का, असं अल्योशा विचारतो.

चहाच्या वेळी मी धीर करून विचारलं, "अल्योशा कोण?"

"माझा मुलगा. सहा वर्षांचा होता. बहिणीकडे ठेवून दोन महिन्यांसाठी म्हणून निघाले, आणि मागे क्रांतीत रस्ते बंद झाले. आता तो तिशीचा असेल." त्यांनी तिसऱ्या कपाची बशी बोटभर सरकवली. "आमच्यात प्रवासाला निघताना सगळे एक क्षण गप्प बसतात. जाणारा, राहणारा, सगळे. त्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. त्या दिवशी गाडी दारात होती. घाई झाली. आम्ही बसलो नाही."

भेडाघाट

रविवारी भाऊरावांनी जबरदस्तीने भेडाघाटला नेलं. दोन्ही बाजूंना पांढरे कडे, मधून हिरवं काळं पाणी, आणि वर कड्यांना लोंबणारी मधमाश्यांची मोठमोठी पोळी. नावाडी कुजबुजत बोलत होता. "हल्ला-गुल्ला नहीं करना, भैया. ऊपर वाले सुनते हैं." मी डोळे मिटले. वल्ह्यावरून पडणारे थेंब, आमच्या तिघांचे श्वास, आणि सगळ्याच्या वर एक बारीक गुंगुं. पुस्तकात ज्याला शांतता म्हणतात तिच्यात किती गर्दी असते ते त्या दिवशी कळलं.

मग धुवांधारला, तुषारांच्या धुरात, आवाज निरनिराळे करून ऐकावेत म्हणून मी पुन्हा डोळे मिटून पुढे सरकलो. पाय घसरला. भाऊरावांनी सदऱ्याला धरून ओढलं, पण उजवी चप्पल गेली. "वसंता," भाऊराव म्हणाले, "नर्मदामाईला लोक नारळ देतात."

बूट

सोमवारी भाऊरावांचे कचेरीचे बूट घालून शिकवणीला गेलो. बूट एक बोट मोठे, त्यामुळे पावलं भलतीच पडत होती. सुखिया कुठे दिसेना. मी ताटा सारला आणि फरशीवर चार पावलं टाकली.

आत काहीतरी पडलं. वेराबाई टेबल धरून उभ्या होत्या. चेहरा असा, की तसा मी कुणाचा पाहिलेला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

"अल्योशा?" त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर पाच हातांवर उभा होतो. माझं टक्कल, चष्मा, बंद गळ्याचा कोट. या ऐवजाला तिशीचा रशियन तरुण समजण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मी... मी वसंत," मी कसाबसा म्हणालो.

त्यांनी टेबल सोडलं. मग कोरड्या आवाजात, "उशीर झाला. बसा."

रुमाल बांधला गेला. घडी उलगडली, पत्र सुरू झालं. सफरचंदं. कुंपण. खोकला. आणि मग ऐकलं की म्हातारा कुत्रा अजून दारात बसतो आणि टपालवाल्यावर भुंकतो.

मी कान टवकारले. शनिवारी तो मेला होता. झाडाखाली पुरला होता. माझी चूक? नाही, टपालवाला आला, भुंकणं आलं, पुढे अल्योशाने त्याला हाक मारलेलीही आली. लिहिलेल्या कागदावर मेलेला कुत्रा दोन दिवसांत उठून कसा भुंकतो? वहिनींचा तिसरा कप आठवला. शिकवणी संपली तर संपो, असं म्हणून मी रुमाल ओढला आणि वळलो.

वेराबाई ताठ बसल्या होत्या. पत्र दोन्ही हातांनी छातीसमोर धरलेलं. आणि लिहिलेली बाजू माझ्याकडे होती. त्यांच्या डोळ्यांसमोर कोरी पाठ. सहा धडे ते पत्र माझ्या पाठीकडे तोंड करून होतं.

मी वळलो तरी त्या वाचतच राहिल्या. डोळे उघडे, माझ्या खांद्यावर लावलेले, आणि कुत्रा धावतोय, अल्योशा हसतोय. यापेक्षा भीतीदायक मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. मग त्या थांबल्या.

"खुर्ची वाजली," त्या म्हणाल्या. "वळलात."

"हो."

"सहा दिवस. तुमच्याआधी एक पाद्री येत असे. तीन महिने बसला. फार आज्ञाधारक. वळलाच नाही."

काचबिंदूने त्यांची दृष्टी तीन वर्षांपूर्वी गेली होती. एवढा जाड चष्मा लावून मला ते दिसलं नव्हतं. त्यांनीच सुखियाला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. आंधळी बाई एकटी राहते हे गावाला कशाला कळायला हवं? आणि पत्र आलं होतं दृष्टी गेल्यानंतर, चौदा महिन्यांपूर्वी. सेन्सॉरने फोडून पट्टी चिकटवलेलं. म्हणजे जगात कुणीतरी ते वाचलं होतं. फक्त जिचं होतं तिने नाही.

"मुंबईला पाठवून वाचून घेता आलं असतं," मी म्हणालो.

"आलं असतं." त्यांनी कागदाच्या कोऱ्या बाजूवरून बोटं फिरवली. "माझी बहीण दाबून लिहायची. अक्षरं मागे उठायची. हे हलक्या हाताचं आहे. हे तिने लिहिलेलं नाही, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं. मग पुढचं मी मनातच लिहीत गेले." त्यांनी पत्र पुढे केलं. "आता वाचा."

मी ताटा जरा सरकवला. जांभळ्या पेन्सिलीचं बारीक अक्षर. दुसऱ्या ओळीवर नजर गेली आणि मी थांबलो. त्यांचं पत्र मला पाठ झालं होतं, तेच म्हणून दाखवावं असं पोटातून आलं. सफरचंदं, कुंपण, बर्फ. पण पाठ केलेल्या भाषेत खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते, आणि मला ती तेवढी येत नव्हती.

"मला नीट वाचता येणार नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला वाचता येतं. ऐकता येत नव्हतं म्हणून आलात. मला ऐकता येतं." आणि मग, "श्वास अडकला तुमचा. दुसरी ओळ आहे ना? तिथूनच वाचा."

मी वाचू लागलो. पत्र शेजारणीचं होतं. तुमच्या बहिणीच्या पेटीत पत्ता सापडला म्हणून लिहिते. ती थंडीत वारली. मी तो शब्द वाचला, "ऊमेर्ला."

"जोर शेवटी," वेराबाई म्हणाल्या. "उमिर्‌ला. पुन्हा."

"उमिर्ला," मी म्हणालो.

"पुढे."

शेवटी तिला त्रास झाला नाही. घराची किल्ली माझ्याकडे आहे. अल्योशा लढाईच्या पहिल्या उन्हाळ्यातच आघाडीवर गेला. शरदात त्याचं एक पत्र आलं. नंतर नाही. पत्र संपलं. सफरचंदांचं त्यात काही नव्हतं.

"शेवटचं पुन्हा."

मी तीनदा वाचलं.

"'नंतर पत्र नाही,' असं लिहिलंय?"

"हो."

"'तो नाही,' असं नाही लिहिलं?"

"नाही. तसं कुठेच नाही."

बाहेर सुखियाने ताट्यावर पाणी मारल्याचा आवाज आला. मग वेराबाईंनी तिला हाक मारून चहा आणायला सांगितला. तिने ट्रे टेबलावर ठेवला. बाईंनी बोटांनी कपांच्या कडा चाचपल्या. एक, दोन, तीन.

"एक और," त्या म्हणाल्या.

सुखियाने चौथा कप आणला. बहिणीच्या त्या बशीतही बाईंनी मुरंबा वाढला.

निघताना

मंगळवारी सकाळी स्टेशनावर जाताना निरोप घ्यायला टांगा बंगल्यापाशी थांबवला. वळकटी टांग्यात, भाऊरावांचे बूट पायात. दारातूनच नमस्कार करून सुटावं असा बेत होता. पण वेराबाई म्हणाल्या, "असं नाही. या, बसा." त्या बसल्या, मी बसलो, सुखिया दाराशी टेकली. कुणी काही बोलायचं नाही.

मी सवयीने डोळे मिटले. माझा श्वास ऐकू आला, जरा घरघरणारा. वेराबाईंचा, लांब. दाराशी सुखियाचा. तीन. त्यापुढे मी मोजलं नाही. वळूनही पाहिलं नाही. कान तयार झाले म्हणजे कुठे थांबायचं तेही माणसाला कळायला हवं.

त्या उठल्या, मग मी उठलो. उंबऱ्यात आपल्या सवयीप्रमाणे मराठीत म्हणालो, "येतो."

"काय म्हणाले?" त्यांनी सुखियाला विचारलं.

"आता हूँ बोले, मेमसाब. ये मराठी लोग जाते टाइम जाता हूँ नहीं बोलते."

वेराबाई पहिल्यांदा हसल्या. माझ्या खांद्यावर पाहत म्हणाल्या, "या मग, वसंत गोविंदोविच. पण बूट घालून येऊ नका."

नागपुरात उतरल्या उतरल्या मी चांभाराकडे गेलो आणि जुन्या चपलेच्या मापाची नवी जोडी करवून घेतली. उजवी टाच आधीच थोडी घासून दे म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जाणार आहे, तोवर रोज संध्याकाळी त्याच घालून अंगणात फेऱ्या मारतो. पाऊल तसंच पडायला हवं.